नावांची यादी नसलेली चळवळ : डिसेंबर १९६२ च्या सुनावणीचे प्रकरण

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज’ (अमेरिकाविरोधी कारवाया) समितीचे सारे काम नावांवर चालत असे. १९३८ मध्ये तात्पुरती म्हणून नेमलेली आणि १९४५ मध्ये कायम झालेली ही समिती न्यायालय नव्हती, त्यामुळे ती कोणाला शिक्षा सुनावू शकत नव्हती. मात्र कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून साक्षीदाराला समन्स काढून बोलावणे, तो पूर्वी कोणत्या सभांना गेला होता, कोणत्या अर्जावर त्याने सही केली होती आणि त्याच्या सोबत कोण होते हे भर सभागृहात विचारणे, आणि त्याच्या तोंडून निघालेल्या नावांवरून पुढची समन्से काढणे एवढ्या अधिकारात माणसाची नोकरी, अब्रू आणि मित्रमंडळी या तिन्हींवर पाणी सोडण्याची पाळी येई. १९४७ मध्ये हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना याचा प्रत्यय आला होता, आणि त्यानंतरच्या दीड दशकात शिक्षक, कामगार पुढारी, वकील, नट अशा अनेकांना तो येत राहिला.

११ ते १३ डिसेंबर १९६२ असे तीन दिवस या समितीच्या एका उपसमितीसमोर ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ या अणुचाचणीविरोधी गटातील स्त्रियांची चौकशी झाली. ती आटोपली तेव्हा समितीच्या हाती काही लागलेले नव्हते. उलट तिचेच हसे झाले होते. तल्लख बोलणाऱ्या गृहिणींनी रुक्ष पुरुषांची कशी फजिती केली, अशा थाटात ही गोष्ट बहुधा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हजरजबाबीपणात नसून एका अभावात आहे. या गटाकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, निवडलेला अध्यक्ष नव्हता, आणि याद्यांवर जगणाऱ्या समितीला अशा गटाशी कसे वागावे हे कळले नाही. ‘आम्ही साध्या आया आहोत’ हा पवित्रा त्या अभावाला झाकणारा आणि राखणारा होता. तोच पवित्रा पुढे याच स्त्रियांच्या गळ्यात कसा आला, तेही या प्रकरणात पाहावे लागते.

एका दिवसाचा संप

नोव्हेंबर १९५८ पासून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी अणुचाचण्या आपापल्या परीने थांबवल्या होत्या. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मॉस्कोने चाचण्या पुन्हा सुरू करीत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये लंडनला अण्वस्त्रविरोधी निदर्शनांच्या प्रकरणात ८९ वर्षांचे तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांना आठवडाभर तुरुंगात ठेवण्यात आले. ही बातमी वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या डॅगमार विल्सन यांच्या मनाला लागली. विल्सन मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत. त्यांना तीन मुली होत्या. वडील रेडिओचे वार्ताहर असल्यामुळे त्यांचे बालपण काही अंशी युरोपात गेले होते. त्यांनी ओळखीच्या काही जणींना घरी बोलावले आणि त्या बैठकीतून देशभरातील स्त्रियांनी एक दिवस घरचे आणि नोकरीचे काम बंद ठेवावे, ही कल्पना पुढे आली. संपाचा दिवस ठरला १ नोव्हेंबर १९६१. हाताशी जेमतेम सहा आठवडे होते.

आवाहनाचे पत्र कोणत्याही कार्यालयातून गेले नाही. नाताळच्या शुभेच्छापत्रांसाठी घरोघरी जपलेल्या पत्त्यांच्या वह्या, शाळांमधील पालक-शिक्षक संघ, चर्चमधील ओळखी आणि स्त्री मतदारांच्या संघटना यांच्या आधाराने ते हातोहात पसरले. जिला पत्र मिळाले तिने ते टाइप करून आणखी काही जणींना पाठवायचे, आणि जिने फोन घेतला तिने पुढच्या चौघींना फोन करायचा, अशी ही साखळी होती. संपाच्या दोनच दिवस आधी, ३० ऑक्टोबरला, सोव्हिएत संघाने आर्क्टिकमधील नोवाया झेमल्यावर सुमारे ५० मेगाटनचा, म्हणजे त्यापूर्वी आणि त्यानंतर कधीही न झालेल्या आकाराचा बॉम्ब उडवला. १ नोव्हेंबरला सुमारे ६० शहरांमध्ये स्त्रिया बाहेर पडल्या. त्यांच्या फलकांवर शस्त्रस्पर्धा संपवा, मानवजात नव्हे, अशा आशयाची घोषणा होती. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी व्हाइट हाउस आणि सोव्हिएत वकिलात अशा दोन्ही ठिकाणी जाऊन दोन्ही नेत्यांच्या पत्नी जॅकलीन केनेडी आणि नीना ख्रुश्चेवा यांच्या नावे एकाच मजकुराची पत्रे दिली. सहभागी स्त्रियांचा ५०,००० हा आकडा खुद्द आयोजक स्त्रियांनी सांगितलेला आहे. हजेरी घेणारे कोणी नव्हते, त्यामुळे तो अंदाज म्हणूनच धरावा. पण यादी नसण्याची ही किंमत पहिल्याच दिवसापासून मोजावी लागत होती, हे यावरून दिसते.

संप एका दिवसाचाच ठरला होता. तो संपल्यावर जमलेल्या जणी घरी परतल्या नाहीत, आणि एका दिवसाच्या कार्यक्रमाचे नाव चळवळीला कायमचे चिकटले.

दुधाचा पेला

या स्त्रियांच्या बोलण्यात दूध वारंवार येते. ते केवळ भावनेला हात घालण्यासाठी नव्हते. हवेत केलेल्या अणुस्फोटातून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य बाहेर पडते. पावसाबरोबर ते गवतावर उतरते, गवतातून गाईच्या पोटात आणि तेथून दुधात जाते. रासायनिक गुणांत ते कॅल्शियमशी मिळतेजुळते असल्याने वाढत्या मुलाचे शरीर ते हाडांत आणि दातांत साठवते, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षांचे असल्याने ते तेथे दीर्घकाळ राहते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य केवळ आठ दिवसांचे आहे, परंतु तेवढ्या अवधीत ते दुधावाटे मुलांच्या कंठस्थ ग्रंथीत गोळा होऊ शकते.

सेंट लुइस शहरात डिसेंबर १९५८ पासून वैज्ञानिक आणि नागरिकांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात जमा करण्यास सुरुवात केली होती. डॉ. लुईझ रीस यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या पाहणीचे पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये, म्हणजे संप झाला त्याच महिन्यात, प्रसिद्ध झाले, आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात दातांमधील स्ट्रॉन्शियमचे प्रमाण वाढत गेल्याचे त्यातून दिसले. चाचण्यांनंतरच्या दिवसांत मुलांना ताजे दूध देऊ नका, त्याऐवजी भुकटीचे दूध वापरा, असे आवाहन ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’च्या गटांनी केले तेव्हा त्यांच्यामागे हे विज्ञान उभे होते. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, म्हणून साठवलेली भुकटी ताज्या दुधापेक्षा सुरक्षित, हा त्यामागचा सरळ हिशोब होता. स्वयंपाकघरातले ज्ञान आणि पदार्थविज्ञान येथे एकमेकांना भेटले, असे म्हणायला हरकत नाही.

१५ जानेवारी १९६२ रोजी भर पावसात स्त्रियांनी व्हाइट हाउससमोर निदर्शने केली. त्याच दिवशीच्या पत्रकार परिषदेत विचारले असता अध्यक्ष केनेडी यांनी आपण त्यांना पाहिले आणि त्यांचा निरोप पोहोचला, अशा अर्थाचे उत्तर दिले. निरोप पोहोचला, पण मानला गेला नाही. २५ एप्रिलपासून अमेरिकेनेही पॅसिफिकमध्ये हवेतील चाचण्या सुरू केल्या. एप्रिलमध्येच ५० स्त्रियांचे शिष्टमंडळ जिनीव्हाला सतरा राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण परिषदेत अमेरिकी आणि सोव्हिएत प्रतिनिधींची भेट घेण्यास गेले. त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग आणि मिसिसिपीतील नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या क्लॅरी कॉलिन्स हार्वी या होत्या. अन्यथा ही चळवळ बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांची होती, हे येथेच नोंदवले पाहिजे.

आधीच्यांनी दिलेला धडा

समितीसमोर स्त्रिया अशा का वागल्या हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. ‘सेन’ या नावाने ओळखली जाणारी समंजस अणुधोरणाची राष्ट्रीय समिती ही त्या काळातील अणुचाचणीविरोधाची सर्वांत मोठी आणि प्रतिष्ठित संघटना होती. तिच्या मे १९६० मधील न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रचंड सभेच्या तोंडावर सिनेटर थॉमस डॉड यांनी सभेच्या एका प्रमुख आयोजकावर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला आणि संघटनेने साफसफाई करावी असा आग्रह धरला. ‘सेन’च्या नेतृत्वाने त्या आयोजकाला दूर केले आणि पुढे शाखांमध्ये कम्युनिस्टांना स्थान नसल्याचे धोरण जाहीर केले. त्यातून संघटना वाचली असे वाटत असतानाच ती आतून पोखरली गेली. नामवंतांनी पाठिंबा काढून घेतला, न्यूयॉर्क परिसरातील कित्येक गट बाहेर पडले आणि तरुण कार्यकर्त्यांचा विश्वास उडाला.

‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’मधील अनेक जणी पूर्वी ‘सेन’मध्ये काम केलेल्या होत्या आणि हा प्रकार त्यांनी जवळून पाहिला होता. जून १९६२ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या त्यांच्या पहिल्या राष्ट्रीय परिषदेत जे धोरणपत्र मंजूर झाले त्यात आपण सर्व वंशांच्या, पंथांच्या आणि राजकीय मतांच्या स्त्रिया आहोत असे म्हटले होते. ‘सर्व राजकीय मतांच्या’ हे शब्द वरवर पाहता सौम्य आहेत, पण १९६२ च्या अमेरिकेत, अगदी शांततावादी संघटनांमध्येसुद्धा, ते लिहायला धैर्य लागत असे. कोण आत, कोण बाहेर हे ठरवण्याचे काम आम्ही करणार नाही, असा त्यांचा अर्थ होता. आणि ते काम करायचे नसेल तर सभासदांची यादीही लागत नाही. यादी नसणे हा त्यामुळे निव्वळ भोंगळपणा उरला नाही. स्वभावाने आलेली गोष्ट धोरण होऊन बसली. हे सर्वांना एका क्षणी सुचले आणि ठरले, असे मात्र मी म्हणणार नाही. फोनच्या साखळीने काम करणाऱ्या स्त्रियांना औपचारिक संघटनेचा कंटाळाही होता.

कायद्याचा पेच

ऑक्टोबरमधील क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचाला जेमतेम काही आठवडे झाले असताना न्यूयॉर्क परिसरातील काही कार्यकर्त्यांना आणि डॅगमार विल्सन यांना समन्स आले. समन्स कोणाला आले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकट्या विल्सन वगळता बहुतेक जणींना त्यांच्या पूर्वायुष्यातील डाव्या संबंधांवरून वेचून काढलेले होते. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेल्यांनी चळवळ आतून ताब्यात घेतली आहे, असे दाखवण्याचा हा बेत होता.

अशा साक्षीदारापुढे मार्ग थोडे होते. विचारस्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बॅरेनब्लाट खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो आधार नाकारला होता. अवमानाची शिक्षा अटळ होती. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसल्याचे सांगणारी पाचवी घटनादुरुस्ती कामी येत असे, पण तिच्यात एक सापळा होता. १९५१ च्या रॉजर्स खटल्यात डेन्व्हरच्या एका स्त्रीने आपण कम्युनिस्ट पक्षाची खजिनदार होतो हे ज्युरीपुढे मान्य केले आणि सभासदांच्या याद्या व वर्गणीच्या वह्या आपण कोणाला दिल्या हे सांगण्यास मात्र नकार दिला. स्वतःबद्दल एकदा बोललात की पाचव्या दुरुस्तीचे संरक्षण संपले, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्यामुळे स्वतःबद्दल खरे सांगून इतरांबद्दल गप्प बसायचे, हा माणुसकीचा मधला मार्ग कायद्याने बंद झाला होता. कोणाचे नाव घ्यायचे नसेल तर सुरुवातीपासूनच तोंड बंद ठेवावे लागे, आणि तोंड बंद ठेवणाऱ्याला वर्तमानपत्रे ‘पाचव्या दुरुस्तीवाले कम्युनिस्ट’ म्हणून मोकळी होत.

या पेचावर स्त्रियांनी काढलेला तोडगा वकिली नव्हता. ज्यांना समन्स आले त्यांना वेगळे पाडू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. समन्स न आलेल्या अनेक जणींनी आम्हालाही साक्षीला बोलवा अशा तारा समितीला केल्या. असा अर्ज समितीकडे सहसा कोणी करत नसे. समितीपुढे येण्याची वेळ टाळण्यासाठीच लोक धडपडत असत. समितीने तो अर्थातच मान्य केला नाही. पण लपवण्यासारखे काही नाही, हे सुनावणी सुरू होण्याआधीच जाहीर झाले.

तीन दिवस

११ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाच्या जुन्या कार्यालयीन इमारतीतील सभागृह स्त्रियांनी भरून गेले. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. उपसमितीचे अध्यक्ष कॅलिफोर्नियाचे क्लाइड डॉइल यांनी आरंभीच्या निवेदनात शांततेविषयी राष्ट्राची अतिरेकी आस्था संरक्षणाच्या तयारीला बाधक ठरते आणि तिचा लाभ कम्युनिस्ट उठवतात, अशी मांडणी केली. समोर बसलेल्या श्रोत्यांपुढे ही मांडणी कितपत शहाणपणाची होती, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

पहिल्या साक्षीदार ब्लांच पोझनर या निवृत्त शिक्षिका होत्या आणि न्यूयॉर्कच्या कार्यालयात विनावेतन काम करत. त्या उठल्या तेव्हा सभागृहातील सगळ्या स्त्रिया त्यांच्याबरोबर उठून उभ्या राहिल्या. डॉइल यांनी उभे राहण्यास मनाई केली. पुढच्या साक्षीदाराच्या वेळी स्त्रियांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनाही मनाई झाली. मग साक्ष देऊन येणाऱ्या प्रत्येकीला धावत जाऊन मिठी मारणे आणि फुलांचे गुच्छ देणे सुरू झाले. त्याला मनाई करणारा नियम अध्यक्षांना सुचला नाही.

पोझनरबाईंनी प्रश्न सुरू होण्याआधीच समितीला उद्देशून बोलण्यास सुरुवात केली. या चळवळीमागे मुलांवरचे आयांचे प्रेम आहे, आणि न्याहारीच्या टेबलावर आयांना आता दूध आणि धान्याबरोबर स्ट्रॉन्शियम-९० व आयोडीन-१३१ देखील दिसू लागले आहे, असे त्यांनी सांगितले. अध्यक्षांनी हातोडा आपटून त्यांना थांबवले. त्यानंतर समितीचे वकील आल्फ्रेड निटल यांनी प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि पोझनरबाई प्रत्येक वेळी पाचव्या दुरुस्तीचा आधार घेत राहिल्या. एका टप्प्यावर निटल यांनी विचारले की ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’च्या सभासद म्हणून ओळख पटावी यासाठी तुम्ही रंगीत कागदाचे डेझीचे फूल लावत होता काय. कम्युनिझमपासून हे इतके दूर वाटते की हसू आवरणे कठीण आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि मग त्याही प्रश्नावर पाचवी दुरुस्ती पुढे केली.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात समितीची अडचण स्पष्ट दिसते. सभासदत्वाचे कार्ड नाही, पावती नाही, नोंदवही नाही. तेव्हा चौकशी करणाऱ्या वकिलाला कागदी फुलाचा पुरावा शोधावा लागला. आणि पोझनरबाईंनी हसून झाल्यावरही फुलाचे उत्तर दिले नाही, कारण रॉजर्स खटल्यानंतर फुलासारख्या क्षुल्लक गोष्टीविषयीचे उत्तरसुद्धा पुढच्या प्रश्नांची दारे उघडू शकत होते. हसणे आणि सावधपणा येथे शेजारी शेजारी होते. ज्यांच्या पूर्वायुष्यात खरोखरच डावे संबंध होते त्या साक्षीदारांच्या पोटात तीन दिवस गोळा उठलेला असणार, हे सभागृहातील फुलांच्या गुच्छांमुळे विसरता कामा नये.

शेवटच्या दिवशी विल्सन साक्षीला आल्या. त्यांच्या पूर्वायुष्यात झाकण्यासारखे काही नसल्याने त्यांना पाचव्या दुरुस्तीची गरज नव्हती आणि त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. एवढ्या शहरांमध्ये एकाच दिवशी निदर्शने वरून आदेश असल्याशिवाय कशी होऊ शकतात, हे निटल यांना समजून घ्यायचे होते. आदेश देणारे कोणी नाही, हे पुरुषी बुद्धीला समजावणे अवघड आहे, असे विल्सन यांनी ऐकवले. मग मुख्य प्रश्न आला. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाला चळवळीत नेतृत्वाच्या जागी तुम्ही जाणूनबुजून येऊ द्याल काय? कोणी यावे आणि कोणी येऊ नये यावर आपले काही नियंत्रण नाही आणि ते असावे अशी इच्छाही नाही, असे विल्सन म्हणाल्या; आणि पुढे त्यांनी असेही जोडले की सगळ्या जगाने या कामात आम्हाला साथ दिली नाही तर मग देवच आपला वाली.

‘सेन’ला दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला गेला होता आणि तिने नियमावली करून त्याचे उत्तर दिले होते. विल्सन यांनी प्रश्नाचा पायाच नाकारला. त्यांना तो नाकारता आला याचे कारण हाकलण्यासाठी आधी सभासद असावे लागतात. पण एक गोष्ट येथे स्पष्टपणे म्हटली पाहिजे. विल्सन मोकळेपणाने बोलू शकल्या, कारण त्यांचा इतिहास निष्कलंक मानला जाण्यासारखा होता. त्यांच्या शब्दांनी पाचव्या दुरुस्तीआड बसलेल्या बाकीच्या जणींना संरक्षण दिले, आणि त्या बाकीच्यांनी तोंड न उघडल्यामुळे विल्सन यांचे बोलणे खोटे पडले नाही. या दोन्ही तऱ्हा एकमेकींवर अवलंबून होत्या. केवळ विल्सन यांची साक्ष उद्धृत करणारे वृत्तान्त अर्धेच चित्र दाखवतात.

वर्तमानपत्रांनी समितीची यथेच्छ थट्टा केली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील हर्ब्लॉक यांच्या व्यंगचित्रात सुनावणीला उशिरा पोहोचलेला एक प्रतिनिधी शेजाऱ्याला विचारतो आहे की यांतले अमेरिकाविरोधी नक्की काय, स्त्रिया की शांतता?

यश किती म्हणावे

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. २४ सप्टेंबरला सिनेटने तो ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला. केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीसनर यांनी पुढे चाचणीबंदीकडे सरकारला ढकलणाऱ्यांमध्ये ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’, ‘सेन’ आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना श्रेय दिले. कराराला क्युबाच्या पेचाने बसलेला धक्काही कारण होता, आणि चाचण्या दुरून ओळखण्याचे तंत्र सुधारले होते, हेही कारण होते; एकट्या स्त्रियांना सगळे श्रेय देणे इतिहासाला धरून होणार नाही. शिवाय भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या आणि शस्त्रांची संख्या वाढतच गेली. दुधातला धोका टळला, बॉम्ब राहिला. धोका डोळ्यांआड झाल्यावर दुधाच्या पेल्याभोवती जमलेल्या अनेक जणी गळाल्या, हे समजण्यासारखे आहे.

समितीनेही या सुनावणीतून एक धडा घेतला. १९६४ मध्ये एका जपानी शांततावादी प्राध्यापकाला मिळालेल्या व्हिसाच्या चौकशीसाठी तिने विल्सन यांना पुन्हा बोलावले, पण या वेळी बंद दाराआड. विल्सन, त्यांच्या सहकारी डॉना ॲलन आणि रसेल निक्सन यांनी बंद दाराआड उत्तरे देण्यास नकार दिला आणि सुनावणी खुली घ्या असा आग्रह धरला. १९६२ मध्ये त्यांचे खरे शस्त्र सभागृहात बसलेला श्रोतृवर्ग होता, हे दोन्ही पक्षांनी ओळखले होते. तिघांवर अवमानाचा खटला होऊन ते दोषी ठरले. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीतील दोषावरून ती शिक्षा रद्द केली.

आईपणाची मर्यादा

व्हिएतनाम युद्ध वाढत गेले तशी ही चळवळ त्याकडे वळली. जुलै १९६५ मध्ये तिच्या प्रतिनिधी जकार्तात व्हिएतनामी स्त्रियांना भेटल्या. फेब्रुवारी १९६७ मध्ये सुमारे २,५०० स्त्रियांनी पेंटागॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयाच्या, बंद दारांवर पायांतले बूट काढून आपटले. माझा मुलगा नको, तुझा नको, त्यांचेही नकोत, अशी त्यांची घोषणा होती. सैन्यभरती टाळू पाहणाऱ्या तरुणांना सल्ला देण्याचे काम त्यांनी केले, आणि त्या सल्लाकेंद्रांमुळे गोऱ्या मध्यमवर्गाबाहेरच्या स्त्रियाही त्यांच्या संपर्कात आल्या.

आईपणाच्या भाषेने १९६२ मध्ये त्यांना जे कवच दिले होते ते आता वेगळ्या अंगाने बोचू लागले. १५ जानेवारी १९६८ रोजी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सुमारे ५,००० स्त्रिया वॉशिंग्टनमध्ये जमल्या. त्यांच्या पथकाला (‘ब्रिगेड’) नाव होते जेनेट रँकिन यांचे. काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९१७ मध्ये आणि पुन्हा १९४१ मध्ये युद्धाच्या विरोधात मत देणाऱ्या, दुसऱ्या खेपेस तर एकट्याच. ८७ वर्षांच्या रँकिन स्वतः मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. याच मोर्चात ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’ या गटातील तरुण स्त्रियांनी आर्लिंग्टन दफनभूमीत ‘पारंपरिक स्त्रीत्वा’ची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. रडणाऱ्या आया आणि विधवा म्हणून सत्तेपुढे जाणे म्हणजे स्त्रियांना दिलेली दुय्यम जागा मान्य करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकून थोरल्या पिढीतील कित्येक जणी दुखावल्या, आणि काही जणी विचारात पडल्या.

मला दोन्ही बाजूंचे पटते, आणि यात विसंगती आहे असे मी मानत नाही. १९६२ मध्ये आई म्हणून उभे राहणे ही भाबडी गोष्ट नव्हती. ज्या समाजाने स्त्रीला राजकारणात दुसरी भूमिकाच दिली नव्हती, त्याच समाजाच्या समितीला आईवर हात टाकता येत नाही, हे ओळखून केलेली ती खेळी होती. पण आईवर हात टाकता येत नाही याची दुसरी बाजू अशी की तिचे म्हणणे धोरण म्हणून ऐकले जात नाही. केनेडींनी निरोप पोहोचल्याचे सांगितले आणि तीन महिन्यांनी चाचण्या सुरू केल्या, यात ती दुसरी बाजू आधीच दिसली होती. चळवळीत पहिल्यापासून असलेल्या वकील बेला ॲबझुग यांनी हे ओळखले असावे. त्यांनी विनवणीऐवजी निवडणुकीचा मार्ग धरला आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कमधून प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. ज्या सभागृहाच्या समितीने मैत्रिणींना बोलावले होते, त्यातच त्या मतदान करू लागल्या.

१९६८ च्या मोर्चाला पोलिसांनी कॅपिटलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, आवारात शिरू दिले नव्हते. त्याविरुद्ध स्त्रिया न्यायालयात गेल्या. आवारातील निदर्शनांना बंदी घालणारा कायदा घटनाबाह्य ठरला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ‘जेनेट रँकिन ब्रिगेड’ हे नाव त्या खटल्यावर आजही आहे.

यादी नसण्याने टाळता न आलेली एक गोष्ट मात्र उरते. जानेवारी १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने समिती विसर्जित केली. १९६९ पासून ती अंतर्गत सुरक्षेच्या नावाने वावरत होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये उपाध्यक्ष रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल बाहेर आला. १९६७ पासून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने वॉशिंग्टनमधील काही गटांमध्ये आपली माणसे घुसवली होती, असे त्यात नमूद होते, आणि त्या गटांमध्ये ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’चे नाव होते. बैठकीला किती जण आले, पुढारी कोण, कोण काय बोलले, पैसा कोठून येतो हे कळवण्याचे काम या माणसांकडे होते. स्त्रियांनी स्वतःची जी नोंदवही कधी ठेवली नव्हती, ती त्यांच्या नकळत दुसऱ्या कोणी लिहीत बसले होते.